रेघेच्या आत उडायचं: छोट्या विमानाच्या मर्यादा समजून घेताना

आमोण्याला मांडवीच्या काठावर बसून लहानपणी आम्ही बार्ज मोजायचो. खनिज भरायला लागले की बार्ज हळूहळू खाली बसत जायचा, आणि पोटावरची रंगवलेली रेघ पाण्याला टेकली की भरणं थांबायचं. पुढे बोटीवर नोकरी लागली तेव्हा कळलं की मोठ्या जहाजावर अशी एकच रेघ नसते, शिडीच्या पायऱ्यांसारख्या कितीतरी असतात. उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी, उष्ण कटिबंधाची वेगळी, गोड्या पाण्याची वेगळी. जहाज तेच, पण पाणी बदललं की रेघ बदलते.

बोटीवरच्या सुट्ट्यांमध्ये मी घाटावर जाऊन विमान चालवायला शिकलो. माझा भाचा पेडण्याचा. २०२३ च्या जानेवारीत मोपाला विमानं उतरायला लागली तेव्हापासून त्याची मान वरच असते. बारावी झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, विमान किती जोरात वळवलं की मोडतं?" प्रश्न चांगला आहे, पण उत्तर एका आकड्यात मावत नाही. कुठला भाग, कशामुळे आणि त्या क्षणी विमानाचं वजन किती, हे विचारल्याशिवाय मर्यादेचा आकडा सांगताच येत नाही. खालचं सगळं त्याच्यासाठी लिहिलंय, आणि त्याच्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्या सगळ्यांसाठी.

उदाहरणाला सेसना १७२ एस घेतलंय, कारण शिकाऊ पायलटच्या नशिबी बहुतेक वेळा याच कुळातलं काहीतरी येतं. तुमचं विमान वेगळ्या मॉडेलचं असेल तर आकडेही वेगळे असतील. जुन्या काही विमानांच्या वेगाच्या काट्यावर तर नॉट (तासाला सागरी मैल) नसून साधे मैल असतात, त्यामुळे मित्राच्या वहीतले आकडे उतरवून घेऊ नका.

पायरी पहिली: पुस्तिकेचा दुसरा विभाग

प्रत्येक विमानाबरोबर त्याची पुस्तिका असते. तिच्या दुसऱ्या विभागाचं नाव 'मर्यादा'. या विभागातलं सगळं बंधनकारक आहे, बाकी बरंचसं सल्ला आणि माहिती. हा फरक सुरुवातीलाच डोक्यात बसवा. उदाहरणार्थ, आडव्या वाऱ्याचा १५ नॉटचा आकडा सगळे मर्यादा म्हणून सांगतात. खरं तर तेवढ्या वाऱ्यात कंपनीच्या पायलटने विमान उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. विमान १६ नॉटला मोडत नाही. तुम्हाला ते १० नॉटला तरी सांभाळता येईल का, हा वेगळा प्रश्न.

दुसरा विभाग वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि प्रत्येक आकड्यापुढे एकच गोष्ट लिहा: हा आकडा काय वाचवतो? पंख, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची, उतरताना खाली उघडायची पाती), शेपूट, इंजिनाचा सांगाडा की नाकाखालचं चाक? ज्या आकड्यापुढे काही लिहिता येणार नाही, तो तुम्ही फक्त पाठ केलाय.

पायरी दुसरी: काट्यावरचे रंग

वेगाच्या काट्यावर ४० ते ८५ नॉट पांढरा पट्टा, ४८ ते १२९ हिरवा, १२९ ते १६३ पिवळा आणि १६३ वर लाल रेघ. पांढरा पट्टा फ्लॅप पूर्ण उघडण्याचा. पहिले १० अंश फ्लॅप ११० नॉटपर्यंत चालतात, त्यापुढचे ८५ च्या आतच. हिरवा रोजचा. पिवळ्यात फक्त शांत हवेत जायचं, तेही सांभाळून. लाल रेघेच्या पुढे कधीच नाही.

लाल रेघेचा संबंध ओढण्या-वळवण्याशी नाही. त्या वेगापलीकडे पंख किंवा शेपटीची पृष्ठं हवेत फडफडायला लागण्याचा धोका असतो. अशी फडफड सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला वाढवत नेते, आणि भाग निखळायला काही सेकंद पुरतात. कंपनीने चाचणीत याहून थोडा जास्त वेग गाठलेला असतो, पण ती जागा नव्याकोऱ्या विमानासाठी आणि चाचणी पायलटसाठी होती. तुमच्या विमानाने त्यानंतर हजारो तास उड्डाण केलंय.

पायरी तिसरी: हुकाचा काटा आणि तांदळाची पिशवी

गोव्यात घरातलं कोणीतरी गल्फला किंवा बोटीवर असतंच, त्यामुळे बॅग मोजायचा हुकाचा काटाही घरात असतो. स्प्रिंगवाला असेल तर उत्तम. त्याला पाच किलो उकड्या तांदळाची पिशवी अडकवा. स्थिर धरली की पाच दाखवेल. आता झटक्यात वर उचला. काटा आठ-नऊवर उडी मारतो. खाली सोडताना तो दोन-तीनवर येतो. तांदूळ तेवढाच आहे, भार बदलला. पिशवीची शिवण तुटली तर ती वर ओढताना तुटते, स्थिर धरल्यावर नाही.

विमानात याच भाराला 'जी' म्हणतात. सरळ, सपाट उडताना १ जी. उंची राखून वळताना पंखांना वजन तर उचलावं लागतंच, शिवाय विमान आत खेचावंही लागतं, म्हणून भार वाढतो. ३० अंश कलात १.१५, ४५ ला १.४१, ६० ला बरोबर २. म्हणजे ६० अंशांवर तुमची पाच किलोची पिशवी दहा किलोची. पहिल्यांदा ६० अंशांचं वळण घेतलं तेव्हा माझी हनुवटी छातीला टेकायला निघाली होती आणि चष्मा नाकावरून खाली. ७५ अंशांवर हाच भार ३.८६ होतो. या इंजिनाला एवढ्या कलात उंची राखणं झेपतही नाही, पण ६० च्या पुढे आकडा किती चढा जातो ते बघून ठेवा.

नॉर्मल वर्गात, म्हणजे रोजच्या साध्या उड्डाणात, फ्लॅप बंद असताना, या विमानाची मर्यादा वरच्या दिशेला ३.८ जी आणि खालच्या दिशेला १.५२ जी. फ्लॅप उघडे असताना वरची मर्यादा ३ वर येते. हे विसरू नका, कारण गडबडीत खेचलं जातं ते बहुतेक उतरताना, फ्लॅप उघडे असतानाच. वजन ९९८ किलोच्या आत ठेवलं आणि ते पुढच्या बाजूला असलं तर विमान युटिलिटी वर्गात बसतं आणि मर्यादा ४.४ होते. स्पिन, म्हणजे गरगरत खाली येणं, शिकायचं तर याच वर्गात, फ्लॅप बंद ठेवून, आणि शिकवणारे सर शेजारी असताना.

३.८ म्हणजे काय? तेवढ्या भारापर्यंत सांगाडा वाकला तरी पुन्हा मूळ जागी येतो. त्याच्या दीडपट, म्हणजे ५.७ पर्यंत तो तीन सेकंद तरी तुटता कामा नये, असा नियम. मधल्या पट्ट्यात विमान तुटणार नाही, पण वाकलेलं वाकलेलंच राहू शकतं. काहीजण हा दीडपट भाग आपल्यासाठी राखून ठेवलेली सूट समजतात. ती सूट जुन्या रिव्हेटींसाठी आहे, गंजासाठी आहे, कारखान्यातल्या हाताच्या चुकीसाठी आहे. पायलटसाठी नाही.

पायरी चौथी: तो बदलणारा वेग

इथे थोडं थांबा, चहा घ्या. सगळे अडखळतात ते इथेच.

'व्हीए' म्हणजे मॅन्युव्हरिंगचा वेग. काट्यावर त्याला रंग नाही, तो पुस्तिकेत किंवा समोरच्या पाटीवर मिळतो. १७२ एस मध्ये पूर्ण वजनाला, म्हणजे ११५७ किलोला, १०५ नॉट. ९९८ किलोला ९८. ८६२ किलोला ९०. वजन कमी झालं की हा वेगही कमी होतो. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. हलकं विमान जास्त वेग सोसेल ना?

आधी हा वेग काय करतो ते बघू. या वेगाखाली स्टिक (१७२ मध्ये हातातलं चाक, ते ओढलं की नाक वर येतं) जोरात मागे ओढली तर ३.८ जी होण्याआधीच पंख स्टॉल होतो, हवा पंखावरून सुटते आणि भार आपोआप थांबतो. घरातल्या विजेच्या बोर्डावरच्या फ्यूजसारखं. तार जळण्याआधी फ्यूज जातो. या वेगाच्या वर मात्र फ्यूज जाण्याआधी तार जळू शकते.

आता वजन. १०५ नॉटला हा पंख जास्तीत जास्त जी उचल देऊ शकतो ती साधारण ४४०० किलोची: ११५७ गुणिले ३.८. पंखाला विमान किती जड आहे याची पर्वा नाही, तो त्या वेगाला तेवढंच देणार. पण विमान ८६२ किलोचं असेल तर तेवढ्याच उचलीने ४४०० भागिले ८६२, म्हणजे ५.१ जी होतात. पंखावरचं एकूण ओझं वाढलेलं नाही. मग मोडणार काय? नाकात बसलेलं इंजिन. त्याचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास, आणि दोन माणसं कमी बसली म्हणून ते कमी होत नाही. ३.८ जीला ते आपल्या सांगाड्यावर पावणेपाचशे किलोने लटकतं, ५.१ ला जवळजवळ साडेसहाशेने. बॅटरी, सीटचे बोल्ट, मागचं सामान यांचंही तेच. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा जहाजावरच्या रेघांची शिडी आठवली.

कागदावर हिशेब करायचा असेल तर प्रत्यक्ष वजनाला पूर्ण वजनाने भागा, वर्गमूळ काढा आणि १०५ ने गुणा. ९९८ भागिले ११५७ चं वर्गमूळ ०.९३, गुणिले १०५, आले ९८ च्या जवळ. उड्डाणाआधी हा आकडा मांडीवरच्या पॅडवर मोठ्या अक्षरात लिहा. एकटे उडताना तर नक्कीच, कारण एकट्याने उडतानाच विमान सर्वांत हलकं असतं आणि शेजारी ओरडायला कोणी नसतं.

या फ्यूजलाही अटी आहेत. तो एका अक्षावर, एकाच दिशेने, एकदा केलेल्या हालचालीपुरता आहे. रडर (उभ्या शेपटीचं पायाने हलवायचं पातं) पूर्ण डावीकडे, लगेच पूर्ण उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं केलं तर व्हीएच्या खालीही शेपटी वाचेल याची हमी नाही. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं एअरबस ए३०० असंच पडलं. पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात सापडल्यावर रडर उलटसुलट पूर्ण दाबला गेला आणि उभी शेपटी तुटून खाडीत पडली. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. त्यानंतर मोठ्या विमानांच्या पुस्तिकेत ही ताकीद स्पष्ट लिहिणं सक्तीचं झालं. आपलं विमान छोटं असलं तरी पाय तसेच चालतात.

शिवाय एकाच वेळी ओढू आणि लोळवू, म्हणजे एका बाजूला कलवू, नका. लोळताना वर जाणारा पंख जास्त भार घेतो, त्यामुळे आसनाला ३ जी जाणवत असताना त्या पंखाला त्याहून जास्त असतात.

पायरी पाचवी: वजन कागदावर

रिकामं विमान उदाहरणादाखल ७७० किलो धरू. तुमच्या विमानाचा नेमका आकडा त्याच्याच कागदपत्रात असतो. ११५७ मधून ७७० गेले, उरले ३८७. दोन्ही टाक्या भरल्या की वापरता येणारं पेट्रोल साधारण २०० लिटर, वजन १४४ किलो. उरले २४३. ऐंशी किलोची तीन माणसं बसली की संपलं. चार जागांचं विमान म्हणजे चार माणसांचं विमान नव्हे, निदान भरल्या टाकीने नाही. शिगम्याला जाणाऱ्या बसमध्ये 'जरा सरकून घ्या' चालतं, इथे टाकी कमी भरावी लागते किंवा कोणालातरी घरी ठेवावं लागतं.

मागच्या सामानाच्या जागेला ५४ किलोची मर्यादा आहे, आणि आंब्याच्या पेट्या फार लवकर ५४ किलो होतात. वजन मागे गेलं की विमान हातात मऊ, गोड वाटतं, थोडंसं ओढलं तरी लगेच नाक वर येतं. भुलू नका. तीच मऊ शेपटी नको तेवढे जी सहज खेचते, आणि स्पिनमध्ये गेलं तर बाहेर येणं कठीण होतं.

पायरी सहावी: घाट उतरताना

आता हे सगळं गोव्याच्या नकाशावर ठेवू. समजा बेळगावहून किनाऱ्याकडे येताय. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. मे महिन्यात ३५ अंश तापमानाला तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते, त्यामुळे चढायला वेळ लागतो. कसेबसे सात हजार गाठता, आणि चोर्ल्याची कडा ओलांडली की खाली हिरवी सत्तरी दिसायला लागते. मन हलकं होतं, नाक खाली जातं, थ्रॉटल मात्र आहे तिथेच राहतो. काटा १२०, १३०, १३५. तुम्ही पिवळ्यात आलात.

आणि नेमकं तिथेच हवा खराब असते. थंडीच्या दिवसांत सकाळी पूर्वेचा वारा घाटमाथ्यावरून गोव्याच्या बाजूला खाली कोसळतो आणि पायथ्याशी गुंडाळतो. उन्हाळ्यात दुपारी खारे वारे उतारावरून वर चढतात आणि तापलेल्या कातळाची हवा त्यांना भेटते. एप्रिल-मेच्या दुपारी सह्याद्रीवर ढगांचे मनोरे उभे राहतात, त्यांच्या जवळपासही जायचं नाही. वर किंवा खाली जाणारी झुळूक पंखाला अचानक वेगळ्या कोनात भेटते आणि भार उडी मारतो. वेग जितका जास्त, उडी तितकी मोठी. विमान जितकं हलकं, उडी तितकी जास्त जाणवते.

चोर्ल्याचा घाट उतरताना ट्रकवाला काय करतो? उतार लागायच्या आधीच गिअर खाली टाकतो, लागल्यावर नाही. तसंच करा. कडा येण्याआधी पाच मिनिटं थ्रॉटल कमी करा, वेग त्या दिवशीच्या वजनाच्या व्हीएच्या खाली आणा, पट्टे आवळा, सामान बांधलंय का बघा. फ्लॅप उघडू नका, त्याने ३.८ चे ३ होतात. धक्के सुरू झाले की पंख समांतर आणि नाक क्षितिजाशी धरा. उंची शंभर-दोनशे फूट वरखाली झाली तर होऊ द्या. उंचीच्या मागे लागून स्टिक ओढलीत की झुळुकीच्या भारात तुमचा भार मिसळतो. बदल मोठा असेल तर दाबोळीला सांगा. ते नौदलाचं विमानतळ आहे, तिथे न सांगता केलेलं काहीच चालत नाही.

पायरी सातवी: ढगात शिरलात तर

छोटी विमानं हवेत मोडतात ती बहुतेक कसरतीत नाही, ढगात. क्षितिज दिसेनासं होतं, एक पंख हळूच कलतो, कानातल्या तोलाला ते कळत नाही. नाक खाली जातं, वेग वाढतो. वाऱ्याचा आवाज ऐकून माणूस घाबरून स्टिक ओढतो, आणि कललेल्या विमानात ओढल्याने वळण आणखी आवळतं. वेग लाल रेघेकडे, भार ३.८ च्या पुढे, दोन्ही एकदमच.

सुटका करायचा क्रम हा, आणि तो बदलायचा नाही: थ्रॉटल बंद, मग पंख समांतर, मग हळूच नाक वर. शेवटच्या टप्प्यात एक गंमत आहे. पंख समांतर झाले की जास्तीच्या वेगामुळे विमान स्वतःच नाक उचलायला लागतं, तेव्हा ओढण्याऐवजी स्टिक थोडी पुढे धरून ठेवावी लागते. सरांबरोबर हे दहा वेळा करा. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग सड्यावर येऊन बसतात, तेव्हा नुसत्या नजरेने उडणाऱ्याने जमिनीवरच बसलेलं बरं.

पायरी आठवी: मागच्याने काय केलं ते शोधा

तुम्ही रेघेत राहिलात, पण सकाळी हे विमान कोणी चालवलं? उड्डाणाआधी फिरताना पंखाच्या मुळाशी पत्रा तिरप्या उजेडात बघा, सुरकुती दिसते का. रिव्हेटीभोवती काळी धुरकट रेघ असेल तर ती रिव्हेट सैल होऊन हलतेय. किनाऱ्याजवळ ठेवलेल्या विमानावर रंगाखाली फुगे किंवा पांढरी भुकटी दिसली तर अॅल्युमिनियम खारट हवेने खाल्लंय. या शोधात मजा येत असेल तर बोगमाळ्याच्या वाटेवरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात एक सकाळ घालवा. तिथल्या आलिझे या नौदलाच्या जुन्या विमानाचे पंख घडी होणारे आहेत. बिजागरीजवळ उभे राहिलात की पंखाचा सगळा भार किती थोड्या जागेतून जातो ते दिसतं.

शिकत असताना एकदा मी विमान तीनदा उड्या मारत उतरवलं, तिसऱ्यांदा नाकाच्या चाकावर. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. माझी इच्छा होती की कोणाला कळू नये. सरांनी काही न बोलता वहीत 'जड लँडिंग' लिहिलं आणि इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी इंजिनाचं झाकण काढलं, टॉर्च तिरपी धरली आणि माझं बोट धरून इंजिनामागच्या पत्र्यावर फिरवलं. डोळ्याला न दिसणारी एक लाट बोटाला लागली, नाकाच्या चाकाचा दांडा जिथे जोडलेला असतो त्याच्या अगदी वर. विमान अकरा दिवस उभं राहिलं. त्या अकरा दिवसांत इतर मुलांची उड्डाणं रद्द झाली आणि माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही.

भाच्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, "मग मामा, लिहिलं नसतं तर?" मी त्याला म्हटलं, मग त्या विमानात बाराव्या दिवशी नाही, दुसऱ्याच दिवशी कोणीतरी बसलं असतं.